कागदावर चार, नळावर पाच

थांबा, हातातलं ठेवा दोन मिनिटं. मले हे आत्ताच सांगायचं आहे. अर्धा तास थांबली तर मी चहा ठेवीन, मग भांडी दिसतील, मग म्हणीन जाऊ दे — अन् असं जाऊ दे, जाऊ दे करत पाच वर्षं गेली. कोणालेच सांगितलं नाही हे. आईले नाही, मैत्रिणींले नाही. ज्याच्यासोबत माझं लग्न ठरून राहिलं आहे त्याले तर नाहीच. टायपिंगच्या चुका दिसल्या तर दिसू द्या, परत वाचणार नाही मी. परत वाचलं की मी खोडते.

फास्ट टाइप करते मी. लोक कौतुक करतात. अन् याच बोटांनी — थांबा, आधी जागा सांगते, नाहीतर तुमच्या काही लक्षात येणार नाही.

समता कॉलोनीच्या मागच्या गल्लीत आमचं कंपाउंड. चार भाडेकरू, चार दारं, अन् मधात एक नळ. रायपूर राजधानी झालं तेव्हा मी चौथीत होती, शाळेत लाडू वाटले होते. मग लोक आले. येणारच ना. ऑफिसवाले आले, ठेकेदार आले, ठेकेदारांचे मजूर आले, कोचिंगचे पोट्टे आले. आता आम्ही तरी कुठले इथले? आजोबा रेल्वेच्या नोकरीत भंडाऱ्याहून आले अन् राहून गेले. पण आपण आलो त्याले आपण येणं म्हणतो, दुसरा आला की त्याले गर्दी म्हणतो — म्हणतो की नाही?

नळ मात्र तोच राहिला. सकाळी सहाले यायचा, पावणेसातले सूं-सूं करून बंद. उन्हाळ्यात त्याच्याही आधी. रोज भांडणं. शेवटी मकानमालक अंकलनं कंटाळून भिंतीवर खडूनं लिहून टाकलं — एका माणसाले दोन बाल्टी. खाली चारी घरांची डोकी. आमच्यासमोर तीन. मीनाकाकूच्या नावासमोर पाच.

या पाचाचंच सगळं आहे.

मीनाकाकू म्हणजे आमच्या बाजूची, भिंतीले भिंत. आमच्यासारखीच मराठी, गोंदियाची. काका सदर बाजारात कपड्याच्या दुकानात, अन् काकू सरकारी ऑफिसात. आधी कच्ची नोकरी होती. मग ती पक्की व्हायची वेळ आली, अन् नेमकी तेव्हाच काकूले तिसऱ्यांदा दिवस गेले. दोन पोट्टे आधीच होते. अन् नियम असा होता की दोनाच्या वर लेकरू झालं तर सरकारी नोकरी नाही. शपथपत्र लिहून द्यावं लागायचं. नोकरी गेली असती तर काकांच्या दुकानावर ते घर चाललं नसतं, हे आमच्या कंपाउंडमध्ये सगळ्यांलेच माहीत होतं.

मग काय केलं त्यांनी? काकू सुट्टी काढून गोंदियाले बहिणीकडे गेली. लेकरू तिथंच झालं, अन् कागदावर बहिणीच्या नावानं लागलं. बहिणीले मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कोणी विचारलंही नाही. दोन महिन्यांनी काकू परत आली तर कडेवर पोरगी. सगळ्यांले सांगितलं — बहिणीची आहे, बहिणीची तब्येत बरी नसते, म्हणून मी सांभाळून राहिली.

काका अन् ती बहीण सोडली तर खरं माहीत होतं फक्त चौघींले. कसं ते सांगते. काकूले हौस होती पोरीचं बारसं स्वतःच्या घरी करायची. दार लावून, पडदे ओढून, भर दुपारी कूलरच्या आवाजात केलं तिनं. माझी आई होती. भिलाईहून काकूची जाऊ आली होती, लताकाकू. अन् मी — बारा वर्षांची. आता बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, अन् काकांले सख्खी बहीण नव्हती. तर काकूच म्हणाली, "ही सांगेल. हीच आत्या." मले केवढं मोठं वाटलं. मी पाळण्यात वाकली, त्या एवढ्याशा कानाशी तोंड नेलं अन् म्हटलं — गार्गी. पाठीवर सगळ्यांनी हलके हलके धपाटे दिले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हळू दिले. हसू दाबून दाबून आमची पोटं दुखली.

तर आत्या मी आहे. लक्षात ठेवा हे.

गार्गी मोठी झाली तशी तिले दोन भाषा शिकवल्या. घरात काकूले आई म्हणायचं, उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं की मावशी. अन् काय पक्की होती ती पोट्टी — चार वर्षांची असताना अंगणात पडली, गुडघा फुटला, रडत रडत ओरडली तरी "मावशी" म्हणूनच ओरडली. तेव्हा मले गंमत वाटली होती. घरी येऊन मी नक्कल करून दाखवली होती. आई हसली नाही.

आता माझ्यावर येते. टाळून राहिली, कळतं मले.

मी एकोणीसची होती. कॉलेज झालं की दुपारी तहसीलच्या रस्त्यावर एका टायपिंगच्या दुकानात बसायची. लोक वाढले तसे कागद वाढले होते, आमची चंगळ. निवासी, जाती, राशन, नळ कनेक्शन, घरात किती जण, त्यातले किती लहान, किती कमावते. माणूस शिंकला तर त्याचंही शपथपत्र लागेल असं वाटायचं मले. अन् दिवसातून निदान चार वेळा ती ओळ — "मेरी दो से अधिक जीवित संतान नहीं हैं." डोळे मिटून टाइप व्हायची माझ्याकडून. सरकार लोकांच्या पलंगाखाली वाकून पाहून राहिलं आहे, असं मी घरी म्हणायची. मोठं मोठं बोलायची. वैतागायची. "पाणी देता येत नाही यांले, अन् लेकरं मोजाले येतात." हे माझं वाक्य होतं, बरं का. माझंच.

अन् मग तो मे महिना.

माझी टायपिंगची स्पीड परीक्षा होती, बोर्डाची. सकाळी मी डोक्यावर शॅम्पू घातला अन् आमची बाल्टी संपली. बाबांनी आधीच अंघोळ केली होती, आईनं प्यायचं भरून ठेवलं होतं. मी तशीच, फेसाचं डोकं टॉवेलमध्ये गुंडाळून, बाहेर आली. नळ सूं-सूं करून राहिला होता. मीनाकाकूच्या दाराशी दहा बाल्ट्या ओळीनं भरलेल्या. पाच जणांच्या दहा. अन् बाजूले गार्गी उकिडवी बसून, मगातलं पाणी प्लास्टिकच्या भातुकलीत ओतून राहिली होती. ओतते, सांडते, परत ओतते.

मी म्हटलं, "काकू, एक बाल्टी दे ना वो. परीक्षा आहे माझी."

काकूलेही ऑफिसची घाई. वळूनही न पाहता म्हणाली, "मोजून भरलं बाप्पा. पाच जणांचं आहे. तुह्या बाबाले सांग लवकर उठाले."

"अन् ते सांडून राहिली ते?"

"लेकरू आहे. तिच्या वाट्याचं सांडून राहिली, तुह्या नाही."

तिच्या वाट्याचं. बस्स, हेच दोन शब्द. मी आत गेली, प्यायच्या पितळी गुंडातलं पाणी डोक्यावर ओतलं, आईच्या शिव्या खाल्ल्या. केस चिकट ते चिकटच राहिले. तशीच परीक्षेले गेली, अन् सगळ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात एकच चक्र — पाण्याच्या वेळी पोट्टी तुमची, सरकारच्या वेळी बहिणीची? कागदावर चार अन् नळावर पाच? आमच्या घरी एकच लेकरू, तरी आम्ही तीन माणसांच्या सहा बाल्ट्यांत मरायचं अन् यांनी नियम तोडून दहा भरायच्या?

पाहा ना, कसं सुचतं माणसाले. ज्या नियमाले मी रोज शिव्या घालायची, तोच नियम त्या सकाळी मले एकदम शहाणा वाटाले लागला. काहून? एका बाल्टीसाठी.

परीक्षा चांगली गेली. हे पण सांगून टाकते — पुढं निकाल लागला तेव्हा पहिल्या पाचात आली मी. परीक्षेवरून थेट दुकानात गेली. दुकानवाला भैया जेवाले गेला होता. दोन गिऱ्हाइकांच्या मधात, दहा मिनिटांत, मी ते टाइप केलं. हिंदीत. "सविनय निवेदन है" पासून सुरू. काकूचं नाव, ऑफिस, तिसरी संतान, बहिणीच्या नावावर दाखवली. एवढ्यावर थांबली असती तरी — नाही, थांबली असती तरी तेच होतं. पण मले पुरावा द्यायचा होता. रोज कागद टाइप करणारी मी, मले ठाऊक होतं की नुसत्या आरोपाले कोणी विचारत नाही. म्हणून लिहिलं की बच्ची का नामकरण रायपुर में इन्हीं के घर पर, दरवाज़े बंद करके हुआ.

अन् शेवटी सही नाही, "एक जागरूक नागरिक". नागरिक. केसांत शॅम्पू वाळलेला नागरिक.

शंकर नगरले काकूचं ऑफिस होतं, तिथं खाली शिकायत पेटी लावलेली. सायकलवरून गेली अन् टाकून आली. येताना उसाचा रस प्याली.

मले वाटलं होतं काहीच होणार नाही. खरं सांगू? हे पण खोटं आहे. मले वाटलं होतं काहीतरी होईल, पण थोडंसं. काकू घाबरेल, अन् बाल्ट्या आठ होतील. सरकार जणू काही माझ्या मापानं चालणार होतं.

पंधरा दिवसांनी दोन माणसं जांच कराले आली. मकानमालकाले विचारलं, मग आमच्या दाराशी आली. माझी आई — जिले सगळं माहीत, जी कधी खोटं बोलत नाही — पदर खोचून उभी राहिली अन् म्हणाली, "हव, बहन की बेटी है. बचपन से देख रहे हैं." मी तिच्या मागंच उभी होती. मग त्यातल्या एकानं गार्गीले जवळ बोलावलं. चांगला माणूस होता, खिशातून चॉकलेट काढलं. विचारलं, "बेटा, मम्मी कहाँ हैं?"

काकू तिच्यापासून दोन हातांवर होती. गार्गीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "गोंदिया में."

सात वर्षांची पोट्टी. इतकी पक्की. काकूनं नळाचा खांब धरून ठेवला होता.

त्या संध्याकाळी काकू नोटीस घेऊन आमच्याकडे आली — माझ्याकडे. "तुह्यासारखं कोणी टाइप करत नाही, पोरी. अन् बाहेरच्याले दाखवता येत नाही हे. उत्तर लिहून दे." मी नोटीस हातात घेतली. त्यात माझी वाक्यं होती. शब्दाले शब्द. नामकरण, दरवाज़े बंद करके. काकूनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणाले माहीत असेल, सांग बरं. आपण चौघीच होतो. तुही आई तर माझ्यासाठी आज तोंड भरून खोटं बोलली. तू तर लेकरू होती तेव्हा." मग तिनं बोट उचललं. "म्हणजे लतानंच केलं. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हापासून जळून राहिली ती माह्या नोकरीवर."

तेव्हा बोलता आलं असतं. पाहा, ही जागा मी पाच वर्षं शंभर वेळा पाहिली आहे डोळ्यांसमोर — खोलीत आम्ही दोघीच होतो, आई आत पोळ्या करून राहिली होती, फक्त तोंड उघडायचं होतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "असेल."

असेल. एवढंच. अन् दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच मशीनवर, त्याच खुर्चीवर बसून मी काकूचं उत्तर टाइप केलं. तेही "सविनय निवेदन है" पासूनच सुरू होतं. शिकायत झूठी है, पारिवारिक द्वेष से की गई है. चांगलं लिहिलं मी. माझ्याच शिकायतीचे सगळे मुद्दे मीच खोडून काढले. काकूनं मले दोन आंबे दिले. मी खाल्ले.

उत्तरानं नोकरी वाचली. पण साहेबानं तिले बोलावून तोंडी सांगितलं — बच्ची बहन की है ना, तो बहन के पास रखो, स्कूल का दाखिला वहाँ का दिखाओ, फाइल बंद हो जाएगी. म्हणजे त्यालेही कळलं होतं. त्यानं आपल्या परीनं वाचवलंच तिले.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी काका गार्गीले गोंदियाले सोडून आले. निघताना ती अंगणात उभी होती, नवीन बॅग पाठीवर, केसांले पचापचा तेल लावलेलं. उंबऱ्याच्या बाहेर होती, म्हणून म्हणाली, "मावशी, येते." काकू आत निघून गेली. आवाज येऊ नये म्हणून तिनं कूलर चालू केला, तेवढं मले ऐकू आलं.

अंकलनं भिंतीवरचा पाच ओल्या कपड्यानं पुसला अन् चार लिहिला. आता आठ बाल्ट्या. ज्या दोन उरायच्या त्या आळीपाळीनं आम्हा बाकीच्यांले. अन् ऐका — हे सांगाले मले सगळ्यात जड जातं, ते शिकायतीपेक्षाही — आमची पाळी आली की मी केस धुवायची. एकदाही चुकवली नाही. पुरं पाणी, दोनदा शॅम्पू. मले बरं वाटायचं.

दीड महिना चाललं ते. मग अंकलनं वरची खोली इंजिनियरिंगच्या सहा पोट्ट्यांले दिली. सहा. खडूनं नवीन आकडा आला, अन् सगळ्यांचं पाणी एका माणसाले दीड बाल्टी झालं. त्या सहांपैकी एकही कोणत्या सरकारी नियमात बसत नव्हता, तोडतही नव्हता. मी कोणाची शिकायत कराले हवी होती मग? राजधानीची? माझ्या आजोबांची?

लताकाकूचं राहिलं. काकूनं तिच्याशी बोलणं तोडलं. भिलाईले जाणं बंद, तिकडून कोणी आलं तर दार उघडायचं नाही. लताकाकू एकदा स्वतः आली होती, राखीच्या सुमारास. कंपाउंडमध्ये उभी राहून म्हणाली, "मीना, मले एवढं तरी सांग, मी केलं काय?" काकूनं आतून कडी लावली. लताकाकू माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं गं हिले?" मी म्हटलं, मले नाही माहीत. तिनं माझ्यासाठी भिलाईहून बांगड्या आणल्या होत्या. त्या दिल्या अन् गेली. मागच्या वर्षी तिचा नवरा वारला तेव्हाही इकडून कोणी गेलं नाही. सख्खा भाऊ, अन् काका गेले नाहीत. माझ्या त्या एका ओळीपायी.

आता आज काहून सांगून राहिली? कारण काल गार्गी आली. मोठ्या भावाले नोकरी लागली म्हणून काकूनं सत्यनारायण ठेवला आहे, त्याच्यासाठी दोन दिवस आली. बारा वर्षांची झाली. मी बारशाले होती तेवढी. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटून राहिली होती. आम्ही तिघीच होतो, दार लोटलेलं, बाहेरचं कोणीच नाही. गार्गी फ्रीज उघडून म्हणाली, "मावशी, थंड पाणी कुठी आहे?"

घरात. उंबऱ्याच्या आत.

तिच्या लक्षातही नाही आलं. सवय झाली. काकूचा झारा कढईत तसाच थांबला, एक पुरी काळी झाली. मग काकू म्हणाली, "खालच्या कप्प्यात पाहा, बेटा." अन् पुढची पुरी सोडली.

मग गार्गी माझ्या बाजूले येऊन बसली. म्हणाली, "काकू सांगते, माझं नाव तुम्ही ठेवलं. खरं?" काकू. तिच्या आईलेच काकू म्हणाली, माझ्याशी बोलताना, मी म्हणते तसं.

मी म्हटलं, हव.

बस्स, एवढंच आहे. माझं वय कमी होतं, उन्हाळा फार होता, नियमच वाईट होता — हे सगळं खरं आहे, अन् यातलं काहीच तिथं माझ्यासोबत टाइप कराले बसलं नव्हतं. नियम सरकारचा होता, पण दाराआड काय झालं ते सरकारले माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. ज्या कानात नाव सांगितलं, त्याच पोरीचं.

आज सकाळी नळ सहा वीसले गेला. भिंतीवर आता खडू नाही, अंकलनं पेंटनं आकडे लिहून घेतले आहेत. मी लाइनीत उभी होती, पुढं वरच्या खोलीतला एक पोट्टा दोन बाल्ट्या जास्तीच्या भरून राहिला होता, अन् मी — आजही, काल एवढं होऊन आजही — मनात त्याच्या खोलीतली डोकी मोजाले लागली.

तुमच्याकडे आहे का असा नळ? तुम्ही मोजली होती का कधी कोणाची डोकी, अन् मग कोणाले सांगितली?